पूर्ण तोळ्याची गोळी

मंदाचा फोन आला तेव्हा मी अंगणातल्या जास्वंदीभोवती जाळी बांधत होते. इथे जॉर्जियात, आमच्या अल्फारेटात, हरणं येतात आणि सकाळी झाडाच्या नुसत्या काड्या उरतात, त्यामुळे जाळी बांधणं हा इथला कुळाचारच झालाय. फोन स्पीकरवर टाकला. "सुधाकर गेला गं," मंदा म्हणाली, "झोपेतच... मी चहा घेऊन उठवायला गेले तर..." हातातली तार सोडून मी तशीच मातीच्या हातांनी गाडीत बसले. वाटेत डोक्यात काय आलं असेल, तर आता या हरणांची तक्रार करायची कुणाकडे? अशा वेळी मन कुठे जाईल सांगता येत नाही. पण आलं ते हे आलं, आणि त्यावर त्या माणसाला हसू आलं असतं याची मला खात्री आहे.

सुधाकर भाऊजी म्हणजे माझ्या मैत्रिणीचा नवरा, जळगावच्या सराफाचा मुलगा, पेशाने सॉफ्टवेअर टेस्टर आणि आमच्या साऱ्या मराठी गोतावळ्यातला एकमेव शिकारी. गणपतीच्या आरतीला टाळ वाजवणारा हा गृहस्थ नोव्हेंबर उजाडला की नारिंगी जाकीट घालून जंगलात जाऊन बसतो, हे नव्या मंडळींना सांगितलं की ती आधी हसत आणि मग जरा लांब सरकून बसत. मी जन्माची शाकाहारी. पण मला भोचकपणाचा रोगच आहे म्हणा ना! ज्या गोष्टीचा आपल्याशी काडीचा संबंध नाही ती मला मुळापासून कळायला हवी असते. आणि भाऊजींना विचारणारं कुणी भेटलं की त्यांना राहवत नसे. त्यामुळे बाकीचे वरच्या मजल्यावर पत्ते खेळत असताना आम्ही दोघं त्यांच्या गराजमध्ये, हरणाला किती वजनाची गोळी लागते यावर वाद घालत बसलेलो असायचो. मंदा खाली येऊन म्हणायची, "तुम्हा दोघांना चहा इथेच आणून देऊ, की बंदुकीतून सोडू?"

शिकारीचा नाद त्यांना लागला तोही त्यांच्या तऱ्हेने, कुतूहलापोटी. एका संध्याकाळी त्यांच्या गाडीपुढे हरीण आलं. मेलं नाही, रस्त्याकडेला पाय झाडत पडून राहिलं. पोलीस आला, त्याने पाहिलं आणि एकच गोळी झाडून त्याला मोकळं केलं. भाऊजी घरी आले ते एवढंच घोकत, "वहिनी, माझ्या गाडीने जे धड झालं नाही ते त्या एवढ्याशा शिशाच्या तुकड्याने एका क्षणात केलं. कसं केलं?" दुसरा कुणी असता तर देवापुढे दिवा लावून विसरून गेला असता. यांनी रीतसर कोर्स केला, लायसन्स काढलं, आणि ऑफिसमधल्या डेल नावाच्या मित्राच्या शेतावर, इथून दक्षिणेला, मचाणावर बसायला जाऊ लागले.

आता गोळीचं सांगते, कारण त्याशिवाय भाऊजी कळायचे नाहीत. आपण ज्याला सरसकट गोळी म्हणतो ते खरं तर काडतूस. त्याच्या टोकाशी बसवलेला तांब्याच्या सालीतला शिशाचा तुकडा, तो उडतो, ती गोळी. एकाच बंदुकीला हलकी चालते, मध्यम चालते, जड चालते, आणि इकडे तिचं वजन 'ग्रेन'मध्ये मोजतात. दुकानातल्या खोक्यांवर दीडशे, एकशे पासष्ट, एकशे ऐंशी असे आकडे. पहिल्यांदा त्या फळीपुढे उभं राहिल्यावर भाऊजींच्या डोक्यातला टेस्टर गप्प बसला आणि सराफाचा मुलगा जागा झाला. लहानपणी वडिलांच्या पेढीवर बसून ते जुनी वजनं शिकले होते. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. आजचा दहा ग्रॅमचा नव्हे, जुना, भरदार तोळा. आणि तो तोळा बरोबर एकशे ऐंशी ग्रेनचा! दीडशे म्हणजे दहा मासे, एकशे पासष्ट म्हणजे अकरा, आणि एकशे ऐंशी म्हणजे पूर्ण तोळा. हे सांगताना त्यांचे डोळे असे चमकायचे, जणू जॉर्जियातल्या त्या दुकानात त्यांना सख्खा भाऊच भेटला होता.

मग काय, समोर पूर्ण तोळा असताना दहा मासे कोण घेणार! दुकानदाराने विचारलं, कसली शिकार? हे म्हणाले, हरीण. तो म्हणाला, मग ही जड होईल, ही मोठ्या जनावरांची आहे. पण सराफाच्या पोराला जड हा शब्द कधी वाईट वाटेल का? त्यांनी ऐकलं नाही. खोकं घेऊन आले.

त्या मोसमात मचाणासमोर एक हरिणी आली. आमच्याकडची हरणं अंगाने लहानच. गोळी लागली, पण ती खाली पडली नाही. नंतर त्यांनी मला ते फार शांतपणे समजावून सांगितलं. ती गोळी जाड सालीची, थोराड जनावराच्या हाडाला पुरून उरावी म्हणून केलेली. ती आत शिरल्यावर फुलायला हवी, म्हणजे जनावर जागच्या जागी संपतं. या एवढ्याशा अंगातून ती फुलायच्या आतच आरपार निघून गेली. हरिणी उडी मारून झाडीत शिरली. भाऊजी आणि डेल अंधार पडेपर्यंत तिला शोधत राहिले, दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. रक्ताचे थोडे थेंब सापडले, ओढ्यापाशी तेही संपले. ती कुठे जाऊन पडली, किती वेळ जिवंत होती, हे कधीच कळलं नाही.

घरी येऊन ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. मंदा घाबरून मला बोलवायला आली. मी गराजमध्ये गेले तर वडिलांचा सराफी काटा, ती पितळी पारड्यांची नाजूक तागडी, लाकडी पेटीतून काढून टेबलावर मांडलेली. एका पारड्यात तोळ्याचं वजन, दुसऱ्यात त्याच खोक्यातल्या काडतुसातून सोडवलेली एक गोळी. पारडी समान. "वहिनी, वजन अगदी बरोबर आहे बघा," ते म्हणाले, "चुकलं ते माझं. मी सोनं घेतल्यासारखी गोळी घेतली." मी शेजारी स्टूल ओढून बसले. शेवटी तेच म्हणाले, "चला, काहीतरी खातो, नाहीतर मंदा दोघांनाही घरात ठेवायची नाही."

मला वाटलं होतं, संपली शिकार. पण त्यांनी सोडली नाही, आणि याचं मला कित्येक वर्षं कोडं होतं. शेवटी एकदा विचारलंच. ते म्हणाले, "सोडली असती तर त्या हरिणीबद्दल मला एवढंच कळलं असतं की वाईट झालं. का झालं ते कळलं नसतं." मग ते काडतुसं स्वतः बांधू लागले. पातळ सालीची, जाड सालीची, दहाची, अकराची, डेलच्या शेतावर मातीच्या बांधात झाडायची आणि उकरून काढून बघायची, कोणती कशी फुलली. ती वाकडीतिकडी शिशाची फुलं मला कौतुकाने दाखवायचे. मी म्हणायचे, "भाऊजी, थोडक्यात सांगा, उत्तर काय?" तर म्हणायचे, "थोडक्यात? आपल्या इथल्या हरणाला दहा मासे पुष्कळ. पण वजन एकटं काहीच नाही हो वहिनी. गोळीची बांधणी बघायची, अंतर बघायचं, आणि सगळ्यात आधी जनावर उभं कसं आहे ते बघायचं. आपल्याकडे कूस करून आडवं उभं नसेल तर गोळी सोडायची नाही. मग घरी हात हलवत आलं तरी चालेल." त्यानंतर त्यांचं एकही हरीण हरवलं नाही. हात हलवत मात्र ते खूपदा आले.

भाऊजी गेल्यानंतर काही आठवड्यांनी ईशाचा, त्यांच्या मुलीचा, फोन आला. ती दुसऱ्या राज्यात, मॉरिसव्हिलला, शाळेत शिकवते, आईपाशी राहायला आली होती. "मावशी, बिझी आहेस का? कॅन यू कम ओव्हर? बाबांचे डबे मला कळत नाहीयेत." गेले तर मायलेकी गराजमध्ये एकमेकींकडे पाठ करून उभ्या. ईशाला मचाणावर बाबांच्या जागी एकदा बसायचं होतं. यापूर्वी ती त्यांच्याबरोबर जाई, बंदूकही चालवी, पण काडतूस तेच तिच्या हातावर ठेवत. मंदाचं म्हणणं, ती बंदूक घरातून जाऊ दे. "तू तेव्हा लहान होतीस," ती मुलीला म्हणाली, "तो कसा घरी आला होता ते तू पाहिलं नाहीस. आता तूही चुकीचं काहीतरी घालशील आणि तशीच येशील. तेव्हा त्याला मी उठवलं गं. आता माझ्यात जोर नाही."

टेबलावर पत्र्याचे तीन डबे होते, झाकणांवर भाऊजींच्या ठसठशीत अक्षरात मराठी आकडे. १०, ११, १२. ईशा म्हणाली, "टेन व्हॉट, मावशी? मला वन-फिफ्टी माहितीये, वन-एटी माहितीये. डेललाही विचारलं, तो म्हणाला युअर डॅड नेव्हर लेट मी टच दॅट बेंच."

या घरात त्या क्षणी या प्रश्नाचं उत्तर फक्त मला येत होतं, जिने आयुष्यात अंडंसुद्धा फोडलं नाही! मी तिला मासे सांगितले, तोळा सांगितला, गोळीची साल सांगितली. ती हरिणीही सांगितली, कारण ती या मुलीला कुणीच सांगितली नव्हती. बाराचा डबा उघडला, तो रिकामा. दहाचा तिच्या हातात दिला. मंदाने पुढे होऊन त्या डब्याचं झाकण घट्ट दाबलं. मग म्हणाली, "गरम कपडे घालून जा."

ईशा डेलबरोबर गेली तो दिवस मी मंदाकडेच काढला. आम्ही दोघी मिळून मेथी निवडली, ती निवडून संपली तरी निवडत होतो. गाडी वाजली तेव्हा मंदा दाराकडे गेली नाही, ओट्याशीच उभी राहिली. मी गेले. ईशा गराजमध्ये शिरून दहाचा डबा उघडत होती. खिशातलं काडतूस तिने परत आत ठेवलं. "आलं होतं, मावशी. खूप जवळ. पण पाठमोरं होतं. मी वेट केलं, वेट केलं... इट नेव्हर टर्न्ड." आणि हसली. अगदी बापासारखं, एका गालात. मला तिथे रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही.

सराफी काटा तसाच मांडलेला होता, एका पारड्यात तोळ्याचं वजन, दुसऱ्यात ती गोळी. एवढ्या वर्षांत तो परत पेटीत गेलाच नव्हता. दर मोसमाआधी भाऊजी त्यासमोर थोडा वेळ उभे राहत, मंदा धूळ झटकतानाही त्याला हात लावत नसे. ईशाने एका बोटाने गोळीचं पारडं हलकेच दाबलं.

"ही बारा?" तिने विचारलं.

"बारा. पूर्ण तोळा," मी म्हणाले.

आतून मंदाची हाक आली, "ईशा, जेवतेस ना गं?" त्या हाकेत भाऊजींची ती उपाशी रात्र होती हे मला कळलं, ईशालाही कळलं असावं. "हो आई, खूप भूक लागलीये," ती ओरडली आणि बूट काढून आत पळाली.

पारडी अजून खालीवर होत होती. ती थांबेपर्यंत मी तिथेच उभी राहिले.