जोडावरचा रंग

आमच्या नाटक कंपनीचे सगळे पडदे ज्याने रंगवले, तो पेंटर साठी उलटली तरी एका जागी बसेल तर शपथ. पडदा रंगवताना शिडीवरून दहादा उतरायचा, शेवटच्या रांगेत जाऊन डोळे बारीक करून बघायचा आणि पुन्हा वर. कडेला बोटभर पांढरं राहिलं तर त्याला घास गिळवत नसे.

ते पडदे गावोगाव पोचवायची त्याची थोरली बहीण, ताई. मोटारसायकल ती चालवायची, हा मागे गुंडाळी सांभाळत बसायचा. चालवायला तो कधी शिकलाच नाही. कंपनी बंद झाली आणि गाडी त्याच्या जिन्याखाली गेली, ती वीस वर्षं तिथेच.

यंदा ताईनं कायमचं मुलाकडे जायचं ठरवलं. रविवारी दुपारची बस. सामान बांधता बांधता ती एवढंच म्हणाली, "एकदा चालवायला मिळाली असती तर बरं होतं." तेव्हा जायला पुरता महिना होता. पेंटरनं त्याच संध्याकाळी इंजिन खाली उतरवलं.

पैशाची चणचण होतीच. पिस्टनच्या रिंगा भंगारातून शोधल्या. जोडातून तेल गळू नये म्हणून बसवायचं गॅस्केट जाड पुठ्ठ्यातून स्वतः कापलं; इंजिनाच्या झाकणावर पुठ्ठा धरून कडेकडेनं हलके ठोकत गेलं की आकार निघतो. झाकणाला रंग उष्णतेत टिकणारा घेतला, पण तो पक्का व्हायला भाजावा लागतो; भाजायचा कुठे? त्याच्या बायकोनं, वहिनींनी, ओव्हन अडवून पुढे खुर्चीच टाकली. मग स्वारी समोर माझ्याकडे आली.

"बाई, रंगमंचावरचा तुमचा तो जुना दिवा द्या."

"ने. मी त्याच्याखाली उभा जन्म भाजले, तुझं झाकण काय चीज आहे."

तीन तास दिव्याखाली ठेवायचं ठरलं. हा दर पाच मिनिटांनी बोट लावून बघणार. अंगठ्याचा ठसा उमटला तो उमटलाच.

ताई जायच्या आधीच्या शुक्रवारी इंजिन चढलं. चौथ्या किकला सुरू झालं आणि पेंटरनं मला अक्षरशः मिठी मारली. दहा मिनिटांत झाकणाच्या जोडातून तेल ठिबकायला लागलं. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकनं झाकण उघडलं आणि कपाळावर हात मारला.

"जोडाच्या तोंडावर रंग कुणी लावला?"

"मी. कडा कोरी कशी ठेवायची?"

"पेंटरदादा, इथे धातू उघडाच हवा. गरम तेल लागलं की हा रंग मऊ पडतो, तेलाला वाट मिळते. आणि आतली कडा कुठल्या रांगेतून दिसणार होती?"

शनिवारभर पेंटर ब्लेडनं तो रंग खरवडत होता. धातूवर चरा पडला तर पुन्हा गळती, म्हणून जीव मुठीत. आणि घड्याळाकडे बघणंही सुटेना.

"जरा बसा," वहिनी म्हणाल्या.

"बसून कामं होतात का?"

"ही बसूनच होतात. उभ्यानं दोन बोटं कापलीत."

रविवारी सकाळी त्यानं किक मारून दिली आणि ताई निघाली. दहा मिनिटं झाली, वीस झाली. पेंटर कोपऱ्यापर्यंत जाऊन येई, परत जाई. "तेल गळलं असणार. नाहीतर पडली असेल. सत्तरीची बाई, मी तिला कसं जाऊ दिलं?" वहिनींनी आणलेला चहा माझ्याच हातात गार झाला. पाऊण तासानं ती भलत्याच रस्त्यानं उगवली.

"पुलापर्यंत गेले होते. दुसऱ्या गिअरला जरा कुरकुरते."

तो रस्त्यावर आडवा होऊन इंजिनखाली बघत होता. जोड कोरडा होता.

"ऊठ, बॅग घे. टॅक्सी सांगू नकोस, बस-स्थानकापर्यंत मीच चालवते."

"आणि परत कोण आणणार?"

"तू. ढकलत."

आणि खरंच त्यानं ती गाडी ढकलत आणली, अर्धं शहर पार करून. शर्टाचं पार पोतेरं झालं होतं. मेकॅनिक म्हणाला, आता चालवायला शिकून घ्या. पेंटर म्हणाला, बघू. मग पायरीवर टेकला, लगेच उठला आणि मला विचारलं, "पोचली असेल का हो?"

बस शहराबाहेरही पडली नसेल, मी सांगितलं. त्यानं मान हलवली, गाडीभोवती एक फेरी मारली आणि पुन्हा तेच विचारलं.