मयूताईच्या लग्नाच्या तीन फायली

मयूताईच्या लग्नाच्या तीन फायली निघाल्या आणि तिन्हींची वाट मी एकाच दुपारी लावली.

मी मूळचा हिंगोलीकडचा. आठवीत शाळा सुटली (म्हणजे मी सोडली; शाळेने काही हरकत घेतली नाही) आणि फिरत फिरत जामसंड्याला आबांच्या व्हिडिओच्या दुकानात येऊन चिकटलो. त्याला बारा वर्षं झाली. आबांनी मला कॅमेरा शिकवला, एडिटिंग शिकवलं. त्यांच्या बायकोने, म्हणजे काकींनी, माशातला काटा काढायला शिकवलं. अशा घरातल्या मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ माझ्या हाती आला, तेव्हा आठवडाभर मला घास उतरला नाही.

खरी धास्ती संदेशदादाची होती. हा मयूताईचा थोरला भाऊ, मालवाहू जहाजावर नोकरीला. सख्ख्या बहिणीच्या लग्नाला त्याला सुट्टी मिळाली नव्हती. मंगळवारी पाचपर्यंत जहाज एका बंदराला लागलेलं असणार, तेवढाच वेळ नेट. मग वीस दिवस नुसता समुद्र.

"ल्हानसो धाड रे," तो फोनवर म्हणाला होता. "मोठो धाडलंस तर अर्ध्यात तुटतलो. माका फक्त मयूचा लगीन बगूचा आसा."

म्हणजे लग्न एक, साइज तीन. एक भली मोठी. मंगळवारीच संध्याकाळी बांद्याला मयूताईच्या सासरी पूजा होती, तिथल्या हॉलच्या पडद्यासाठी. एक पेन ड्राइव्हवर, काकींच्या जुन्या टीव्हीसाठी (नव्या पद्धतीची फाइल दिली की हा टीव्ही नुसता आवाज काढतो, चित्र दाखवत नाही). आणि एक जहाजासाठी, एवढीशी.

एवढीशी होते कशी, हे आबांनी मला पूर्वीच समजावलं होतं. "जा हलणा नाय, ता कॉम्प्युटर एकदाच लिवता. मागचो माड गप उबो आसा, तो एकदा लिवलो, झाला. नाचतत तेंका मातर परत परत लिवूचा लागता."

तेव्हापासून मला या यंत्रापुढे हात जोडावेसे वाटतात. तीनशे माणसं, मंगलाष्टका, पंगती, सोलकढी, सगळं मिळून सव्वाशे एमबी! मांडवाचे खांब तर जवळजवळ फुकटात. निम्मी फाइल नवऱ्याच्या मामांच्या नाचाने खाल्ली होती.

सुरुवातीला आबांचे दोन शब्द हवे होते. मी माइक जोडला, व्हिडिओचा आवाज त्यात शिरू नये म्हणून स्पीकर बंद केला आणि रेकॉर्डिंग चालू केलं. व्हिडिओ पुढे सरकू लागला; आता बोललेलं सगळं त्याच्यावर चढणार होतं.

"आमच्या मयूच्या लग्नात तुमचा सगळ्यांचा स्वागत आसा," आबा म्हणाले. झकास. मी रेकॉर्डिंग थांबवायला माउसकडे हात नेला, तेवढ्यात आबांनी कॉम्प्युटरपुढे नारळ ठेवला.

आमच्या दुकानातून गाऱ्हाणं घातल्याशिवाय एकही फाइल बाहेर जात नाही. देवापुढे उभं राहून आबा रीतसर मागणी करतात आणि प्रत्येक मागणीला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. मध्येच जोडलेले हात सोडायचे नाहीत, हे काकींनी पहिल्याच महिन्यात डोळे वटारून शिकवलं होतं. मी माउस सोडला आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या लेकराचा लगीन तीन वाटांनी चल्ला हा."

"व्हय म्हाराजा."

"मोठ्या पडद्यार, घरच्या टीव्हीर, पाण्यातल्या जहाजार, खंय म्हणून अडाक नको."

"व्हय म्हाराजा."

पोटच्या मुलीचं लग्न, म्हणून गाऱ्हाणं सात मिनिटं चाललं. मग नारळ फुटला, मी कळ दाबून थांबवलं (नक्की काय थांबवलं, हे मी स्वतःला विचारलं नाही) आणि तिन्ही फायली काढल्या. एकेक डोळ्यांत तेल घालून तपासली. चेहरे चपटे नाहीत, कुणाचं डोकं कापलेलं नाही, रंग जागच्या जागी. स्पीकर बंदच होता. साडेचारला जहाजाची फाइल गेली. "पावली," दादाचा निरोप आला. मला रडूच यायचं बाकी होतं.

संध्याकाळी बांदा. हॉल गच्च, पहिल्या रांगेत मयूताईच्या सासूबाई. पडद्यावर स्वागत झालं, सनई लागली, आणि सनईच्या डोक्यावर बसून आबा बोलतच राहिले. पडद्यावर वऱ्हाडाची गाडी थांबली. सासूबाई उतरल्या. मोठ्या हौसेने मी त्यांचा चेहरा पडदाभर घेतला होता. त्याच क्षणी आबा म्हणाले, "जी काय इडापिडा ह्या घराक इली आसात, ती देशाभायेर काढ."

"व्हय म्हाराजा," मी. हिंगोलीच्या हेलात, खणखणीत.

मयूताईने पदर तोंडात कोंबला. आबा छताचे पंखे मोजत होते. मला आधी पहिल्या रांगेतला सासूबाईंचा अंबाडा दिसला आणि मग आठवलं: इथली फाइल बंद करता येईल, पण जहाज निघून गेलं होतं. दादाला वीस दिवस हेच बघायचं होतं.

पडद्यातले आबा थांबेनात. "आणि ह्यो परमुलखातसून इललो झील आमच्याच घरातलो आसा. तेच्या हातसून काय चूकभूल झाली आसात, तर ती पदरात घे."

तो झील, म्हणजे मुलगा, मीच. इथे माझा आवाज नव्हता. दुपारी नेमक्या याच वाक्याला मी जोडलेल्या हातांनीच डोळे पुसत होतो, त्यामुळे तेवढी एक जागा रिकामी राहिली होती.

सासूबाई उठून उभ्या राहिल्या. मी दरवाजा किती लांब आहे ते पाहिलं. त्यांनी पायातल्या चपला बाजूला सारल्या, पडद्याकडे हात जोडले आणि म्हणाल्या, "व्हय म्हाराजा."

मग सगळा हॉल म्हणाला. नवऱ्याचे मामासुद्धा. अंगावर काटा आला तो अजून तसाच आहे.

घरी येऊन मी गाऱ्हाणं काढलेली साफ फाइल बनवली आणि दिवस मोजत बसलो. एकविसाव्या दिवशी दादाचा फोन.

"दादा, चुकलं माझं. साफ फाइल तयार आहे, आत्ता धाडतो."

"ती ठेव तुज्याकडे. आबांच्या आवाजाची आसा, तीच माका होयी. रोज जेवताना लावतंय. आमचो कुक केरळचो. तोय आता टोप चुलीर ठेवताना व्हय म्हाराजा म्हणता."

काकी टीव्हीवर रोज बघतात, हात जोडून, डोळे मिटून. तीन पडद्यांसाठी तीन साइज मी जीव तोडून काढल्या. चित्र कसं आलंय, हे अजून एकाही माणसाने मला सांगितलेलं नाही.