अण्णांची हाफपँट

निवृत्तीनंतर माझे सासरे जिथे गेले तिथे हाफपँट घालून गेले. भाजीला गेले, बँकेत पेन्शनची चौकशी करायला गेले, सोसायटीच्या मीटिंगला गेले, शेजारच्या मुलाच्या मुंजीलाही गेले. वर इस्त्रीचा पांढरा शर्ट, व्यवस्थित खोचलेला. पायांत चामड्याच्या सँडल. आणि मध्ये गुडघ्याच्या जरा वरच संपणारी हाफपँट. धायरीतल्या आमच्या सोसायटीत आणखीही एक अण्णा राहत, म्हणून वॉचमन यांना 'हाफपँटवाले अण्णा' म्हणायचा. हे त्यांच्या कानावर गेलं तेव्हा ते म्हणाले, "बरोबर आहे. माणसाची ओळख पटायला हवी."

अण्णांना कोड होतं. दोन्ही पायांवर, गुडघ्यांपासून घोट्यांपर्यंत. काही डाग रुपयाएवढे, काही तळहाताएवढे. चेहरा आणि हात मात्र स्वच्छ सावळे. त्यामुळे आयुष्यभर ऑफिसात पँट, घरात पायजमा आणि बाहेर जाताना मोजे, एवढ्यावर भागलं होतं. मी सून म्हणून या घरात आले त्याला काही वर्षं झाली होती, तरी मला ते माहीत नव्हतं. ठरवून केलेलं लग्न होतं आमचं. माझं माहेर अकोल्याचं. बघायला आले तेव्हा अण्णा आमच्या बैठकीत तासभर बसले होते, कडक इस्त्रीच्या पँटमध्ये.

निरोप समारंभ झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते राखाडी हाफपँट घालून चहाला बाहेर आले. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, गाळणं हातात धरून एक क्षण थांबल्या आणि आत निघून गेल्या. मी पायांकडे पाहिलं आणि मग पाहायचं नाही म्हणून बिस्किटांच्या डब्याकडे पाहिलं. अण्णा म्हणाले, "रूपाली, हे तुला सांगायचं राहिलं." चहाचा घोट घेतला. मग म्हणाले, "राहिलं म्हणजे आम्ही राहू दिलं." मी विचारलं, साखर बरोबर आहे का. ते म्हणाले, बरोबर आहे.

ती पहिली हाफपँट त्यांनी एकट्याने जाऊन घेतली होती आणि ती वाईट निघाली. दोनदा धुतल्यावर नाडी आत गेली ती गेलीच, आणि बसलं की मांडीवर कापड तटतटायचं. तिथून त्यांनी हा विषय गांभीर्याने घेतला. त्यांचं म्हणणं, चार हाफपँटी घेण्याऐवजी एकच अशी घ्यावी, जी सकाळी भाजीला, दुपारी बँकेत आणि सुट्टीत एसटीने गावाला जाताना चालेल. "घरची वेगळी, बाहेरची वेगळी, प्रवासाची वेगळी, असं करणारा माणूस आयुष्यभर कपडेच बदलत बसतो," असं ते म्हणायचे. हे ते स्वतःबद्दल बोलत असावेत, असं मला नंतर वाटलं.

दुकानात त्यांच्याबरोबर जायची वेळ बहुतेक माझ्यावर यायची, कारण मंदार, माझा नवरा, लाजायचा. अण्णा ट्रायल रूममधून बाहेर यायचे आणि आरशात न बघता दुकानाच्या फरशीवर मांडी घालायचे. मग उकिडवे बसायचे. मग दुकानदाराला विचारून एका स्टुलावर चढायचे. "उभ्या माणसाला कुठलीही पँट बसते. माणूस बसला की पँटचं खरं कळतं," असं दुकानातल्या पोराटोरांना सांगायचे. खिसा इतका खोल हवा की रिक्षात बसल्यावर मोबाईल घसरून सीटच्या फटीत जाऊ नये. एका खिशाला चेन हवी. मांडीवरचे फुगीर खिसे नकोत. त्यांना ते 'पायाला बांधलेली गाठोडी' म्हणत. कंबरेला इलॅस्टिक चालेल, पण बेल्ट अडकवायला लुप्स हवेतच, नाहीतर शर्ट खोचल्यावर ते झोपायच्या कपड्यासारखं दिसतं. रंग गडद निळा किंवा मातकट. काळ्यावर धूळ दिसते, फिक्यावर चहा. कापड पूर्ण सुती असलं तर वाळत नाही आणि पूर्ण नायलॉन असलं तर अंगाला चिकटतं, म्हणून मिश्र. संध्याकाळी धुऊन सकाळी अंगात घालता आली तरच ती प्रवासाची, नाहीतर ती घरातच बरी.

लक्ष्मी रोडवरच्या एका दुकानात सेल्समनने त्यांचे पाय पाहिले. चांगलाच होता बिचारा. आवाज खाली आणून म्हणाला, "काका, आपण थ्री-फोर्थ बघू या का? म्हणजे झाकलं जाईल."

अण्णांनी त्याच्याकडे शांतपणे पाहिलं. "झाकायचं असतं तर फुल पँटी घरात आहेत. कपाटभर."

तो पोरगा ओशाळला. अण्णांनी त्याच्याकडूनच एक गडद निळी हाफपँट घेतली आणि जाताना, तुझं मापाचं ज्ञान चांगलं आहे, असंही सांगितलं.

आईंना हे काहीच मान्य नव्हतं. त्या वाद घालायच्या नाहीत. अण्णांबरोबर बाहेर पडल्या की रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथने चालायच्या. मी गॅलरीतून कितीदा पाहिलं आहे: अलीकडून अण्णा पिशवी घेऊन, पलीकडून आई पर्स घेऊन, दोघं एकाच भाजीवाल्याकडे. येतानाही तसंच. घरात आल्यावर मात्र दोघं एकाच ताटलीत शेंगा सोलायला बसायचे.

त्या हिवाळ्यात आम्ही चौघं कोकणात गेलो. अण्णांच्या पाठीवरच्या बॅगेत दोन हाफपँटी, तीन शर्ट आणि एक पंचा. पंचा देवळांसाठी. एका देवळाच्या दारात पुजाऱ्याने हाफपँटला हरकत घेतली, तर अण्णांनी तिथेच पंचा गुंडाळला आणि आत गेले. मंदार कुरकुरला, तेव्हा म्हणाले, "देवाला चालतं, पुजाऱ्याला चालत नाही. पुजाऱ्याचं ऐकावं. त्याला रोज तिथे उभं राहायचं असतं." संध्याकाळी किनाऱ्यावर ते गुडघाभर पाण्यात जाऊन उभे राहिले. नोकरीच्या वर्षांत सहकाऱ्यांबरोबर ते अनेकदा समुद्रावर आले होते आणि प्रत्येक वेळी चपला सांभाळत वाळूत बसले होते, हे त्यांनीच मला सांगितलं. पाण्यात खेळणाऱ्या एका लहान मुलीने विचारलं, "आजोबा, तुमच्या पायांना काय झालं?" अण्णा म्हणाले, "रंग कमी पडला." तिला ते पटलं. ती पुन्हा पाणी उडवायला लागली. आई वाळूवर छत्री घेऊन बसल्या होत्या. त्या उठल्या नाहीत, पण त्यांनी अण्णांचा फोटो काढला.

खरा प्रश्न आला तो निखिलच्या लग्नाच्या वेळी. निखिल माझा धाकटा दीर. साताऱ्याच्या एका मुलीचं स्थळ सगळ्यांना पसंत होतं, पत्रिका जुळली होती, निखिल त्या मुलीला एकदा कॉफीला भेटलाही होता आणि भेटून आल्यापासून घरात गुणगुणत फिरत होता. रविवारी तिच्या घरचे आमच्याकडे येणार होते. शनिवारी दुपारी जेवताना निखिल म्हणाला, "अण्णा, उद्या पँट घालाल ना?"

"नाही," अण्णा म्हणाले.

"एकच दिवस. प्लीज. नंतर मी स्वतः सांगतो तिला. ऑलरेडी अर्धं ठरलंय सगळं."

"माझ्या वडलांनीही मला एकाच दिवसासाठी सांगितलं होतं," अण्णा म्हणाले आणि ताक मागून घेतलं. निखिल अर्ध्या जेवणावरून उठला.

मला त्या बोलण्याचा अर्थ लागला नाही. तो आईंनी सांगितला. आम्ही दोघी ओट्याशी मेथी निवडत होतो. त्या खाली मान घालून म्हणाल्या, "मला लग्नानंतर कळलं. आठवड्याने. तेव्हा एवढासा डाग होता, गुडघ्यावर. मामंजींनी यांना सांगितलं होतं, बोलू नकोस, लग्न होऊन जाऊ दे."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? माहेरी कुणाला कळू दिलं नाही. माझ्या बहिणींची लग्नं व्हायची होती. यांच्यापेक्षा जास्त मीच लपवलं गं. पायजमे मीच शिवायला टाकायचे, लांब." मग त्यांनी निवडलेल्या मेथीतली एक काडी उचलून बाजूला टाकली. "मला आधी सांगितलं असतं तरी मी हो म्हटलं असतं. हे मी त्यांना एकदाच बोलून दाखवलं, निखिलच्या बारशाच्या दिवशी. ते त्यांनी धरून ठेवलंय."

रविवारी अण्णा नव्या निळ्या हाफपँटमध्ये बाहेर आले. तिला इस्त्री करून धार काढली होती. पाहुणे बसले, पाणी झालं, पोहे आले. मुलीच्या मामांची नजर खाली गेली आणि वर येईना. अण्णांनी बशी टीपॉयवर ठेवली. "हे कोड आहे," ते म्हणाले. "तरुणपणापासून आहे. हे कुणाला लागत नाही. माझ्या दोन्ही मुलांना आजवर नाही. पुढच्या पिढीचं मी लिहून देऊ शकत नाही, कुणीच देऊ शकत नाही. तुम्हाला काय विचारायचं ते विचारा." मुलीची आई म्हणाली, पोहे छान झालेत. मुलगी निखिलकडे बघत होती आणि निखिल गॅलरीकडे.

तीन-चार दिवसांनी फोन आला की पत्रिकेत काहीतरी निघालं आहे. अण्णा म्हणाले, "पोहे येईपर्यंत जुळत होती." कुणी हसलं नाही. त्यांना स्वतःलाही हसू आलं नाही. त्या रात्री ते जेवले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी सकाळी हाफपँट घालूनच दूध आणायला गेले.

निखिलने वडलांशी बोलणं सोडलं. भांडला असता तर बरं, पण तो नुसता गप्प झाला. पुढे बंगळूरची बदली मागून घेतली. त्याला सोडायला अण्णा स्वारगेटपर्यंत आले. बस सुटेपर्यंत खिडकीखाली उभे होते, निखिल मोबाईलमध्ये बघत होता. परत येताना रिक्षात अण्णा मला म्हणाले, "चुकलं असं मला वाटत नाही. पण त्याचं नुकसान झालं, हेही खरं आहे." एवढंच. नंतर त्यांनी तो विषय काढला नाही. निखिल आईंना फोन करायचा, मंदारला करायचा. अण्णा कसे आहेत, हे तो माझ्याकडून विचारून घ्यायचा.

वर्ष होत आलं असेल. एका दुपारी अण्णांचा मोबाईल वाजला. निखिलचा मेसेज. मजकूर काही नाही, फक्त एका ऑनलाइन दुकानाची लिंक, आणि खाली दोन शब्द: 'ही कशी?' तो मित्रांबरोबर हिमाचलला निघाला होता आणि त्याला हाफपँट घ्यायची होती. अण्णांनी चष्मा लावून चित्र मोठं करून पाहिलं, मला कापडाचं वर्णन वाचायला लावलं आणि थेट फोन लावला. "खिशाला चेन दिसत नाहीये," हे त्यांचं मुलाशी वर्षभरानंतरचं पहिलं वाक्य. मग पुष्कळ वेळ बोलणं चाललं. वर चढताना गुडघ्याला काचेल का. संध्याकाळी गारठा असतो, तर आतून काय घालशील. फिक्या रंगाची घेऊ नकोस. तिकडून निखिल काहीतरी वाद घालत होता, अण्णा 'अरे, ऐकून तर घे' म्हणत होते. त्या स्थळाविषयी दोघं बोलले नाहीत, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. पण दर रविवारी फोन यायला लागला आणि निखिलने डोंगरावरून पाठवलेला फोटो अण्णांनी सोसायटीत सगळ्यांना दाखवला. फोटोत तो एका दगडावर मांडी घालून बसला होता.

अण्णा गेले ते अचानक. दुपारी पेपर वाचताना छातीत दुखतंय म्हणाले आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. निखिल आला, सगळं त्याने आणि मंदारने मिळून केलं. भेटायला खूप लोक आले. त्यातले बरेचसे बँकेतले, भाजीबाजारातले. त्यांची नावंही आम्हाला माहीत नव्हती. एक जण त्याच्या तरुण मुलाला घेऊन आला होता. मुलाच्या ओठांजवळ पांढरे डाग होते. तो मुलगा म्हणाला, "अण्णा माझ्याशी रोज बोलायचे." काय बोलायचे ते त्याने सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

पुढे निखिलने बंगळूरमध्ये स्वतःच मुलगी पसंत केली, कोल्हापूरची. दोघांचं ठरलेलंच होतं, उरला होता तो फक्त दोन घरांचा परिचय. मुलीच्या आईचा नंबर आला. मी आईंना म्हटलं, मंदार आला की तो लावेल. त्या म्हणाल्या, नको, मीच लावते. खुर्चीत ताठ बसल्या, पदर सारखा केला आणि फोन स्पीकरवर ठेवला, कारण त्यांना हल्ली कमी ऐकू येतं.

नमस्कार झाला, प्रकृतीची विचारपूस झाली. मग आई म्हणाल्या, "एक आधी सांगते. आमच्या यांना कोड होतं. दोन्ही पायांवर. आता ते नाहीत, पण तुम्हाला माहीत असायला हवं."

स्वयंपाकघरात कुकरची वाफ सुटत होती.

"बरं झालं सांगितलंत," पलीकडून बाई म्हणाल्या. "आमच्याकडे सगळ्यांना साखर आहे. तिच्या वडलांना तर इंजेक्शन घ्यावं लागतं. मी म्हणत होते, कसं सांगावं."

"सांगितलंत ना आता," आई म्हणाल्या. "मग तारखेचं बोलू या का?"