काकांचा हट्टी माणूस

आमचे काका लिफ्ट दुरुस्त करायचे. लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरण्याआधी ते वरचा स्विच बंद करून तिथे असा माणूस उभा करत, जो रहिवाशांनी कितीही आरडाओरडा केला तरी स्विचला हात लावणार नाही.

विसरण्याचा आजार सुरू झाल्याचं कळताच त्यांनी वकिलाकडून कागद करून घेतला: आपल्याला समजेनासं झालं की उपचारांचे आणि पैशांचे निर्णय धाकट्या मुलीने घ्यायचे.

"मी थोरला असून?" मुलगा रुसला.

"तू मायाळू आहेस रे. कोणी रडलं की विरघळतोस. ही कोणाच्या बापाचं ऐकत नाही."

"बाबा, हे कौतुक की टोमणा?" मुलगी म्हणाली.

"दोन्ही. मला काय हवं-नको ते आत्ताच विचारा."

"नळ्या लावायच्या का?" खुर्ची जवळ ओढत मुलानेच पहिला प्रश्न विचारला. काका मोकळेपणाने सांगत गेले.