निळीच्या रांजणासाठी मारलेली थाप

धनगरांकडून आलेली लोकर आधी रिठ्याच्या पाण्यात धुवायची, तिचा मेणचटपणा गेला की वाळवायची आणि मगच निळीत घालायची, एवढं आमच्या घरात कुणालाही झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. मलाही. तरी मी धुतलेला ढीग आणि न धुतलेला ढीग यांत गल्लत केली आणि मेंढीच्या अंगावरून उतरलेली लोकर जशीच्या तशी, लेंड्यांसकट, रांजणात लोटली. वर काठीनं नीट दाबलीही.

दुसऱ्या दिवशी आबांनी झाकण काढलं. चांगल्या निळीवर तांब्याच्या रंगाचा फेस चढलेला असतो. तो नव्हता. होतं ते मळकट पाणी, आणि वास असा की परसातली मांजर उठून शेजारी गेली.

"बिघडली," माझे आबा म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता हात धुवायला गेले. वडिलांचं न बघणं मला चांगलं कळायचं.

आमचा धंदा म्हणजे मालेगावातल्या घराच्या परसात जमिनीत पुरलेला हा एक रांजण, आणि लाखेच्या लाल रंगाची दोन पातेली. कमरेच्या करगोट्यांचं रेशीम आबा रंगवत. रेशीम महाग, म्हणून ते माझ्या हाती देत नसत. माझ्याकडे लोकर, आणि रंगलेली लोकर पिंजून चातीवर कातायचं काम माझ्या बायकोचं. धनगरणी स्वतः कातत, पण त्यांचं सूत जाड. घोंगडीच्या निळ्या किनारीला हवं तसं बारीक सूत बायकोच्या हातचं. खरं तर लोकर आमच्याकडे यायची ती तिच्यामुळेच. हे मला तेव्हा माहीत होतं. ऐन वेळी आठवलं नाही, एवढंच.

मी बुडवलेली लोकर एका म्हाताऱ्या धनगरणीची होती. तिच्या नातवाचं लग्न होतं, आणि नवरा-नवरीला बसायच्या घोंगडीला निळी किनार लागायची. म्हातारी जिकडे लोकर देई तिकडे तिच्या वाड्यावरचे सगळे धनगर देत. ती गेली असती तर आमच्या रांजणात पावसाचं पाणी साठवायलाच जागा झाली असती.

बिघडलेल्या निळीवर रंगाऱ्यांचा एक जुना उपाय होता. ज्याच्या हातून ती बिघडली त्यानं बाजारात एक थाप सोडून यायची. थाप तोंडोतोंडी चढत जाते तशी रांजणातली नीळही चढते, असा समज. आबांचा त्यावर पूर्ण विश्वास. मात्र ते रांजणात गूळ आणि कोंडाही घालत, भोवती भुसा पेटवून ऊबही देत. गुण कशानं आला, हे आमच्या घरात कुणी विचारत नसे. पुढे विलायती रंगाच्या पुड्या आल्या आणि रंगाऱ्यांना खोटं बोलायचं कारण उरलं नाही.

अडचण ही की हा उपाय साऱ्या गावाला ठाऊक. कुणी येऊन म्हैस उडाल्याचं सांगितलं, तर लोक आधी विचारत, "कोनाची नीळ बिघडली?" म्हणजे थाप मारावी तर म्हातारीला कळणार, न मारावी तर नीळ उठणार नाही.

"अशी सांग का कोनाले थाप वाटली नाई पायजे," आबा म्हणाले. "कोनाचं मरन नोको सांगू, चोरी नोको सांगू. अन् काय सांगतलं ते घरात बोलू नोको."

वाटभर विचार केला. माझ्या डोक्यात तेव्हाही फारसं काही येत नसे. शेवटी बाजारात कडुनिंबाखाली मनियार चाचा बांगड्यांची टोपली घेऊन बसलेले दिसले. घरोघरी बायकांच्या हातात बांगड्या भरणारा माणूस. मालेगावचा बाजार झाला की मेडशीला जाणारा. त्यांच्या कानाशी लागून म्हणालो, "चाचा, कोनाले सांगू नका. घरवाली भांडून मेडशीले गेली. बापाच्या घरी. येत नाई म्हंते."

चाचांचा हात बांगड्यांवरच राहिला. "या अल्ला! काहून गा? काय केलं तू?"

"काईच नाई केलं."

"मंग त्याच्यानंच गेली," चाचा म्हणाले.

मी खुशीत घरी आलो. कुणाची नीळ बिघडली, हे चाचांनी विचारलंही नाही. त्यांना ही थाप इतकी खरी कशी वाटली, हा विचार मात्र फार उशिरा आला.

बायकोला यातलं काही माहीत नव्हतं. विहीर परसातच, आणि कातायचं काम पडलेलं, त्यामुळे ती घराबाहेर पडलीच नव्हती.

मेडशीचा बाजार झाला आणि दुसऱ्या दिवशी म्हातारी धनगरीण रिकामं पोतं खांद्यावर टाकून दारात उभी.

"माही लोकर दे बाप्पा. कातनारी गेली म्हंते. आता काय तू कातशीन? तुह्या हातच्या सुतानं तं मी मेंढीबी बांधनार नाई."

तेव्हा मला ऐन वेळी न आठवलेलं आठवलं. लोकर जाऊ नये म्हणून जिच्यापायी ती येत होती तिलाच मी घालवून आलो होतो. खरं सांगावं तर रांजण उघडा पडतो. न सांगावं तर पोतं भरून द्यावं लागतं. मी दोन्ही न करता उभा राहिलो. ते मला बरं जमतं.

तेवढ्यात बैलगाडी थांबली आणि माझे सासरे उतरले. मेडशीहून आले होते. पायांत वहाण नव्हती.

"जवाई, माही पोरगी कोठी हाये? तुमच्या घरून निंगाली, आमच्या घरी आली नाई. वाटंतली एकेक विहीर पाहत आलो मी."

हे मला अजिबात सुचलं नव्हतं. थापेला दुसरं टोक असतं आणि तिथे माणसं राहतात.

आवाज ऐकून बायको चाती हातात घेऊनच बाहेर आली. सासरे खांबाला धरून खाली बसले. तिनं बापाकडे पाहिलं, म्हातारीच्या पोत्याकडे, मग माझ्याकडे. मागच्या दारात आबा कोपरापर्यंत निळे हात घेऊन उभे होते. रंगाऱ्याच्या घरात नांदलेली बाई. तिला आणखी काही सांगायला लागलं नाही.

"गेली होती मी," ती म्हणाली. "शिवेवरून वापस आली. आजीच्या नातवाची लोकर राह्यली ना कातायची. भांडन काय, मागूनबी करता येते."

म्हातारीनं पोतं खाली टाकलं आणि त्यावर बसली. "मंग, रंगली का?"

"रंगून राह्यली," आबा मागून म्हणाले.

त्या दिवशी आमच्या घरात बोललेलं सगळं धरलं तर रांजण उतू जायला हवा होता. उतू गेला नाही, पण संध्याकाळी आबांनी मला हाक मारली. कडेनं तांबूस फेस धरला होता.

रांजणातून काढून ठेवलेली लोकर मी या वेळी रिठ्यात धुतली. आबांनी ती हुंगून पाहिली, मगच रांजणाजवळ येऊ दिली. ती रंगली, बायकोनं कातली, आणि म्हातारी निळ्या सुताच्या लडी घेऊन गेली. त्याच दुपारी बायको लुगडी बांधायला लागली.

"कोठी?" मी विचारलं.

"मेडशीले. साऱ्या बाजारानं मले पोचवून देलं, मीच तेवढी राह्यली." तिनं गाठोड्याला गाठ मारली. "अन् आनाले यायचं असन, तं पयले चाचाले सांगा. म्हंजे मले आंधीच समजन."