चिंचेखालची परीक्षा

आमच्या हेडमास्तराचा मला राग होता आणि तो मेल्यावरही गेलेला नाही, हे आधीच लिहून टाकतो. पुढचं वाचताना कुणी मला पश्चात्तापाने निवळलेला माणूस समजू नये.

पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात मनोव्यापारांचं शास्त्र शिकून मी कल्याणच्या शाळेत दुय्यम मास्तर म्हणून आलो. पहिल्याच दिवशी त्याने भर वर्गात विचारलं, "काय शास्त्रीबुवा, तुम्ही पोरांच्या मनात शिरणार, मग त्यांची नाकं कोण पुसणार?" पोरं हसली. तेव्हापासून मी शास्त्रीबुवाच.

तरी साहचर्याची युक्ती मी वर्गात चालवली. एक गोष्ट दुसरीला बांधून ठेवली, की एक दिसताच दुसरी आठवते. नद्या मी भिंतींना बांधल्या. दाराजवळच्या खुंटीवर तापी, कोनाड्यात नर्मदा, गळक्या कौलाखाली गोदावरी. मिठागरावरच्या घरांतली, एरवी मुकी बसणारी पोरंसुद्धा धडाधड बोलू लागली. ते पाहून हेडमास्तराने वर्ग स्वतःकडे घेतला आणि युक्ती आपलीच म्हणून गावभर सांगत सुटला.

अशात दिपोटींची, म्हणजे शाळा तपासणाऱ्या सरकारी साहेबांची, तपासणी आली. मागच्या खेपेचा शेरा वाईट होता. या वेळी पोरं अडली तर हेडमास्तराची जागा जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पोरांपुढून भिंती काढल्या की नद्याही जातात, हे फक्त मला ठाऊक होतं.

दिपोटी घाम पुसत आले. मी अदबीने पुढे झालो.

"रावसाहेब, आत फार उकडतं. वर्ग चिंचेखाली बसवू का?"

हेडमास्तरानेच खुर्ची उचलून बाहेर नेली. दिपोटींनी पहिल्या मुलाला नद्या विचारल्या. त्याने मान वळवून शाळेच्या दाराकडे पाहिलं. दुसऱ्यानेही तेच केलं. आतून कुणी खुणा करतंय असं वाटून दिपोटींनी शिपायाला पाठवलं. आत कुणी नव्हतं. मग ते माझ्याकडे वळले. मुलं मंद आहेत, की त्यांना शिकवलंच नाही?

मी एक वाक्य बोललो असतो, तर वर्ग पुन्हा आत गेला असता. मी म्हणालो, "वर्ग माझ्याकडे नाही, रावसाहेब."

दिपोटींचा टांगा वळला आणि हेडमास्तराने छडी काढली. काल येत होतं ते आज कुठे गेलं रे, असं विचारत तो एकेकाला झोडत होता. युक्ती चोरली, पण ती त्या गाढवाला कळली नव्हती. मी दारात उभा राहून पाहत होतो. खोटं कशाला बोलू, आपला डाव साधला याचं समाधान वाटत होतं.

त्याची बदली आंबिवलीकडच्या एका खेड्यात झाली आणि त्याची खुर्ची मला मिळाली. मिठागरावरची पोरं मात्र शाळेत परतली नाहीत. एकाचा बाप वाटेत भेटला, तेव्हा म्हणाला, "आमच्या पोराला डोकंच नाय, मास्तर. सायबासमोर कळलं."

मी मान डोलावली आणि पुढे निघालो.