ताटीची आतली बाजू

शालिकरामच्या हातांना उन्हाळाभर वाळ्याचा वास यायचा. धंतोलीतल्या बंगल्यांच्या पश्चिमेच्या दारांना तो वाळ्याच्या ताट्या बांधायचा, त्यांवर पाणी मारायचा, आणि आतली माणसं दुपारभर गारव्यात झोपायची. हा बाहेर. ‘आत ये’ असं कोणी म्हटलं नाही, यानंही कधी विचारलं नाही. कडुनिंबाखाली बसून आतल्या गारव्याची स्वप्नं मात्र तो ऐसपैस बघायचा. त्याला कोणाची परवानगी लागत नव्हती.

सत्तरच्या दशकात बंगल्यांत कूलर घरघरू लागले. ताट्यांचं काम आटलं. मग शालिकराम आणि त्याची बायको पंचफुला यांनी महाल वस्तीतल्या आपल्या घरामागे गोठा घातला आणि एक जर्सी गाय आणली. तिचं नाव रेवा. दोघांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे रेवाचे लाड विचारूच नका.

रेवा गाभण राहिली आणि नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यांत कडक नऊ दिवस, लागला. तापल्या पत्र्याखाली ती जीभ बाहेर काढून धापा टाकू लागली, वैरणीला तोंड लावेना. जनावरांच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, तिला थंड ठेवा, नाहीतर वासरू हाती लागणार नाही, गायही जाईल.

शालिकरामचा जीव टांगणीला लागला. येत होतं तेच त्यानं केलं. उरलासुरला वाळा काढून चारी बाजूंनी ताट्या ठोकल्या, बोटभर फट ठेवली नाही. पाणी मारलं. आत हिरवट अंधार आणि ओला सुगंध. अशी खोली धंतोलीतही नसेल, या विचारानं गडी खूश!

रेवा मात्र जास्तच धापा टाकू लागली.

“पाणी कमी पडून राहिलं,” असं पुटपुटत त्यानं आणखी दोन बादल्या मारल्या आणि जन्मात पहिल्यांदा ताटीच्या आतल्या बाजूला बसला. डोळा लागला. स्वप्नात तो बंगल्याच्या गार दालनातून चालत होता. पडदे हलत होते. वारा त्याच्या पुढे पुढे पळत पलीकडच्या दारातून बागेत निघून जात होता.

जागा झाला तो घामानं निथळत. श्वास कोंडला होता. रेवाचा गरम, दमट उच्छ्वास तिथल्या तिथेच साचून राहिला होता. पलीकडचं दार! बंगल्यात ते उघडं ठेवत असणार. बाहेर बसलेल्या माणसाला ते कुठून दिसणार?

त्यानं कोयता घेतला आणि पूर्वेची ताटी वरपासून खालपर्यंत कापून काढली. पश्चिमेचा वारा ओल्या वाळ्यातून गार होऊन आत शिरला आणि रेवाच्या पाठीवरून बाहेर गेला. त्यानं तिच्या अंगावरही पाणी ओतलं.

पंचफुला धावत आली. “अवो, चांगली ताटी काहून कापली?”

“वाऱ्याले निघाले वाट पाह्यजे वं,” तो म्हणाला. “सारी उमर ताट्या बांधल्या, पण आतून कधी पाह्यल्याच नाही.”

ऊन कलताना रेवानं जीभ आत घेतली आणि हळूच वैरणीत तोंड घातलं. पंचफुलानं पदरानं डोळे पुसले.

शालिकराम बाजूला सरकला. “बस वं इथं. इथून आपल्याले कोण उठवते?”

ती त्याच्याजवळ बसली.